काना, मात्रा

ठाकूरद्वारच्या नाक्यापाशी पाठाऱ्यांचं चष्म्याचं दुकान.
शनिवारी आठनंतर शटर अर्धं खाली,
वाकून आत यायचं.
आत आम्ही पाच जण, चहाचा एक थर्मास,
आणि भिंतीवरच्या दोनशे रिकाम्या फ्रेमी
काहीही न वाचता आमच्याकडे टक लावून.

नियम एकच : गोष्ट सांगायची नाही.
पुस्तक का घ्यावं तेवढं सांगायचं,
आणि का घेऊ नये, तेही.

लुर्डीन परेरांनी आणलीय सहाशे पानांची कादंबरी,
उल्हासनगरात जीन्सना काजं करणाऱ्या दोघी जावांची.
म्हणतात, पहिली ऐंशी पानं नव्या कवळीसारखी.
हिरड्या दुखतात. मग तिच्यानेच जेवता.

मुकादम शेवटचं पान आधी वाचतात.
पस्तीस वर्षं प्रुफं तपासली,
आता कुणी फसवलेलं खपत नाही.
त्यांची एक बारकी कादंबरी, कन्नडमधून आलेली.
'भाषांतर कसंय?' पाठाऱ्यांनी विचारलं.
'शिवण दिसते. उसवत नाही.'

जाबरे फक्त खरंखुरं वाचतो.
या खेपेला एका नर्सच्या नोंदी, शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळातल्या.
म्हणाला, 'रडू येत नाही हो, भूक लागते.'
म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना.
तिघांनी नंबर लावले.

मग मी.
माझं पाण्याचं पुस्तक.
रात्री अडीचला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून
पुरुषभर उंचीच्या लोखंडी चावीनं
अख्ख्या वस्तीची झोप डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या
पालिकेच्या चावीवाल्यांचं.

मी म्हटलं, नकाशे चांगले आहेत.
म्हटलं, चौथं प्रकरण आकड्यांत बुडालंय, काठाकाठानं जा.
म्हटलं, टेकडीखालच्या टाकीचं वाचलं
की डोंगरीतून चालताना पाय जरा हळू पडतात.
किंमत साडेपाचशे, जास्तच आहे, तरी घ्या.

म्हटलं नाही ते हे :
शेवटचं पान, दोनशे एक्क्याण्णव, ऋणनिर्देश.
प्राध्यापक, ग्रंथपाल, लेखिकेची मांजर,
आणि मग एका दमात सतरा चावीवाले.
अकरावा, बाळाराम शिंगटे.

शिंगटे नाही. शिंगोटे.
एकोणतीस वर्षं वरळीच्या बाजूला रात्रपाळी,
घरी तांब्याभर पाणीही मोजल्यासारखं प्यायचे.
वाचता यायचं. पण चावीनं बोटं अशी वळलेली
की एक पान उलटायला गेलं की दोन यायची,
मग राहूनच गेलं.
छापलेलं नाव त्यांनी पाहिलं नाही.
बरंच झालं, असं पहिल्या दिवशी वाटलं.
दुसऱ्या दिवशी नाही वाटलं.

ग आणि ट यांच्या फटीत एक काना बसतो,
पेन्सिलीला टोक असलं आणि श्वास धरला तर.
वर मात्रा.

प्रकाशकांना पत्र लिहिलं.
'पुढच्या आवृत्तीत नक्की.'
पुढची आवृत्ती! मराठी पुस्तकाची!

तेव्हापासून दादरच्या दुकानात जाते,
पोरगा गल्ल्याशी वळला की शेवटचं पान उघडते.
आतापर्यंत सात प्रती.
आठवीच्या वेळी त्यानं पाहिलं. मग मी ती विकत घेतली,
तीच ही, आता टेबलावर फिरणारी.

मुकादमांकडे आली.
सवयीनं त्यांनी ती मागून उघडली.
थर्मासचं झाकण कुणीतरी लावत होतं, ते लागेना.
त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली,
माझ्याकडे बघितलं,
परत ठेवली.

'काना तिरका बसलाय,' म्हणाले.

आणि वाकून शटरखालून बाहेर पडताना,
साडेपाचशे रुपये माझ्या हातात देत,
'मला एक आण. कोरी आण.
दुरुस्ती मी करीन.'